घाटाखालची हौस

1850च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम चौकला होता. हे चौक आज खालापूर तालुक्यात येतं. समोर डोंगर होता आणि हाताशी मोकळा वेळ होता, म्हणून साहेब चढायला लागले. पहिल्या संध्याकाळी कड्याने अडवलं. दुसऱ्या दिवशी पायथ्याचा एक गावकरी सोबत घेऊन ते घळीतून माथ्यावर पोहोचले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. माथेरान 'सापडलं' ते असं. सरकारी कामकाजाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. मॅलेट यांच्या नावाचा झरा माथेरानवर आहे. त्या गावकऱ्याच्या नावाचं तिथे काहीच नाही, आणि सापडायला त्याचा डोंगर कधी हरवलाही नव्हता.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आज काय काय छंद चालतात, याचा आढावा घ्यायला बसलं की हा गावकरी सारखा आडवा येतो. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांची हौस इथे दर शनिवार-रविवारी डोळ्यांत भरते. तिची छायाचित्रं निघतात, तिच्या गटांना नावं असतात, टी-शर्ट असतात. तिला वाट दाखवणारा, पिठलं-भाकरी घालणारा, दोर धरणारा इथला माणूस मात्र आपण 'स्थानिक' या एका शब्दात उरकतो. त्यालाही फावला वेळ असतो आणि त्याचीही काही हौस असते, हे आढावा घेणाऱ्यांच्या गावीही नसतं.

माथेरानला पहिले छंदिष्ट आले ते गोऱ्या साहेबांपैकीच. डॉक्टर जे. वाय. स्मिथ यांनी 1871 साली माथेरानची माणसं, झाडं आणि प्राणी यांच्यावर आख्खं पुस्तक काढलं. हर्बर्ट बर्डवूड हे मुंबईचे न्यायाधीश. निकालपत्रांतून सवड काढून त्यांनी माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी केली आणि ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. 1883 साली स्थापन झालेली ही संस्थासुद्धा हौशी मंडळींचीच. सुट्टीत पानं गोळा करणारा न्यायाधीश तेव्हा कुणाला विचित्र वाटला नसावा. आज पावसाळ्यात माथेरानच्या वाटांवर गुडघे टेकून शेवाळातल्या बोटभर ऑर्किडचा फोटो काढणारी मंडळी दिसतात, ती त्याच कुळातली. घोडेवाले त्यांच्याकडे बघून हसतात आणि 'पुढे आणखी आहेत' असं सांगतात. ते खरं निघतं.

नेरळ-माथेरानची गाडी हीसुद्धा एका घराण्याची हौसच म्हणायची. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांचे सुमारे 16 लाख रुपये ओतून दोन फुटी रुळांचा हा मार्ग बांधला आणि 1907 साली गाडी सुरू झाली. निव्वळ नफ्याचा विचार करणारा माणूस या फंदात पडला नसता. पावसाने ही गाडी अनेकदा मोडली. 2019च्या पावसात वाहून गेलेला मार्ग दुरुस्त होऊन ऑक्टोबर 2022 मध्ये ती पुन्हा पूर्ण मार्गावर धावू लागली.

पण रेल्वेवेड्यांची खरी पंढरी म्हणजे बोरघाट. या छंदाविषयी बाहेर फारसं माहीत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो. खोपोलीपर्यंत रेल्वे आली 1856 साली आणि घाट चढून पलीकडे गेली 1863 साली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारले, आणि पुढे त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट तडीस नेलं. चढण सदतीसाला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. रेल्वेच्या हिशेबात ही भयंकर चढण. त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. त्यांना सगळे 'बँकर' म्हणतात. ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलत नेतात, तिथे सुटतात आणि परत घाट उतरून कर्जतला येऊन पुढच्या गाडीची वाट बघतात. कर्जतच्या दिवाडकरांचा बटाटेवडा महाराष्ट्रभर गेला तो या बँकरच्या थांब्यावर. इंजिन जोडेपर्यंतची चार-दोन मिनिटं नसती, तर एवढे वडे खिडकीतून आत कसे गेले असते?

रेल्वेवेडे या थांब्यावर वडा खात नाहीत, असं नाही. पण त्यांचे डोळे दुसरीकडे असतात. पळसदरीच्या फलाटावर सुट्टीच्या सकाळी दोन-चार तरी भेटतात. एकाच्या हातात वही, दुसऱ्याकडे तिपाईवर कॅमेरा, तिसरा कान देऊन नुसता उभा. इंजिनाचा क्रमांक, ते कोणत्या शेडचं, मागे बँकर किती, गाडी किती मिनिटं उशिरा, हे सगळं टिपून ठेवायचं. भोंग्याच्या आवाजावरून इंजिन ओळखणारे आहेत. 1929च्या सुमारास घाटात वीज आली तेव्हाच्या इंजिनांना रेल्वेतली माणसं 'खेकडा' म्हणत. त्या खेकड्यांचे जुने फोटो जपून ठेवणारे आणि ते दाखवताना आजोबांचा फोटो दाखवावा तसे हळवे होणारे लोक मी पाहिले आहेत. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरची वंदे भारत सुरू झाली आणि ती बँकरशिवाय घाट चढू लागली, तेव्हा या मंडळींत चक्क दोन तट पडले. एकाला तंत्राचं कौतुक, दुसऱ्याला घाटाचा मान गेल्याचं दुःख. मला विचाराल तर मी दुसऱ्या तटातला.

डोंगर चढणं हा आता जगावेगळा छंद राहिलेला नाही. रविवारी नेरळ-कर्जतला उतरणाऱ्या पाठपिशव्या पाहिल्या की ते पटतं. तरी या भागातल्या काही वाटा अजून हौशीगवशांना गाळून टाकतात. पेठचा किल्ला, म्हणजे कोथळीगड, त्यातला सगळ्यांना जमणारा. आंबिवलीहून पेठवाडी गाठायची आणि मग त्या सुळक्याच्या पोटातून कातळ खोदून काढलेल्या पायऱ्यांनी माथ्यावर जायचं. डोंगराच्या आतून जिना काढायची कल्पना ज्या कुणाच्या डोक्यात आली, त्याला दंडवत. पदरगडावर मात्र दोन कातळांच्या फटीत पाठ आणि पाय रुतवून वर सरकावं लागतं. ढाकच्या बहिरीला दोराच्या आणि लाकडाच्या आधाराने उभ्या कड्यातली गुहा गाठायची. बहिरी हा इथल्या ठाकरांचा देव. त्याच्या गुहेत भांडी ठेवलेली असतात. ती वापरायची, घासायची आणि जागच्या जागी ठेवून उतरायचं. सांडशीच्या बाजूने जाणाऱ्यांना गावातली माणसं आधी देवाचे नियम सांगतात, मग वाट सांगतात.

कोंढाण्याची लेणी पाहायला जाणारे आणखी वेगळे. राजमाचीच्या पायथ्याच्या या बौद्ध लेण्यांत कण्ह याचा शिष्य बालक याने आपलं नाव कोरून ठेवलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराची सही शोधायला म्हणून काही जण वाकडी वाट करतात. त्याच डोंगरात मेअखेर ते मृगापर्यंत काजव्यांसाठी झुंबड उडते. काजवे चमकतात ते जोडीदाराला बोलावण्यासाठी, आणि आपण त्यांच्यावर मोटारीचे दिवे आणि मोबाइलचे झोत मारतो. अंधार बघायला आलेल्या माणसाने उजेड घेऊन येऊ नये, एवढं तरी कळायला हवं. बेकरे, आषाणे, झेनिथ या धबधब्यांबद्दल काय लिहायचं? रॅपलिंगची हौस चांगली, पण दर पावसाळ्यात कुणीतरी बुडतं, मग बंदीचा आदेश निघतो आणि पुढच्या रविवारी तो मोडला जातो.

या बुडणाऱ्यांना, दरीत पडणाऱ्यांना, वाट चुकणाऱ्यांना आणायला कोण जातं, हे विचारलं की या दोन तालुक्यांतला सगळ्यांत अजब छंद समोर येतो. खोपोलीला 'यशवंती हायकर्स' नावाची संस्था आहे. नाव ऐकताच दंतकथेतली सिंहगड चढणारी घोरपड आठवते. डोंगर चढायची आवड म्हणून जमलेली ही माणसं. पण दोर टाकायला शिकलं की तो दुसऱ्यासाठीही टाकावा लागतो. खोपोलीतच 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' या नावाने एकत्र आलेला दुसरा गट आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला आणि त्याचा घाटाचा टप्पा खालापूरच्या माथी आला. उतारावर तापलेले ब्रेक, डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेला ट्रेलर, धुकं, पाऊस. कारणं सगळ्यांना पाठ आहेत. रात्री दोनला फोन वाजतो आणि आपला नोकरी-धंदा सांभाळणारी ही माणसं घाटात पोहोचतात. पत्रा कापायचा, जखमीला बाहेर काढायचं, रुग्णवाहिकेत घालायचं, कुणाच्या तरी घरी फोन करायचा. सकाळी पुन्हा आपापल्या कामावर.

याला छंद म्हणावं का, असा प्रश्न वाचकाला पडेल. मी म्हणतो, म्हणावं. फावल्या वेळात, पैसा न घेता, कुणी सांगितलं नसताना माणूस जे पुन्हा पुन्हा करतो ते दुसरं काय असतं? पूर्वी अपघाताला हात लावायला लोक बिचकत, कारण मागे पोलीस आणि कोर्टाचं लचांड लागायचं. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यातच तसं कलम आलं. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातल्या इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर दरड कोसळली. वर गाडीचा रस्ता नव्हता, यंत्र नेता येईना. पावसात, चिखलात चालतच चढायचं होतं. तेव्हा या भागातले डोंगरवेडे मदतीला चढले. इर्शाळगडाला जाणाऱ्यांनी याच ठाकरवाडीच्या अंगणात कित्येकदा पाणी प्यायलं होतं.

आता जरा हलक्या विषयाकडे येऊ. अलीकडे मुंबईकरांना भातलावणीची हौस लागली आहे. जुलैत बस भरून माणसं येतात, चिखलात उतरतात, अर्धं खाचर वाकडंतिकडं लावतात, फोटो काढतात आणि तांदळाच्या भाकरीवर ताव मारून परततात. कृषी पर्यटनाचा पाया या भागात नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी घातला. गंमत अशी, की याच भडसावळ्यांनी पुढे 'सगुणा राइस तंत्र' आणलं. त्यात नांगरणी नाही, चिखलणी नाही आणि लावणीही नाही. गादीवाफ्यावर बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. ज्या कामातून शेतकऱ्याची कंबर सुटावी म्हणून इथे डोकं लढवलं गेलं, तेच काम करायला पाहुणे पैसे मोजून येतात! शेतकऱ्याची याला काही हरकत नाही. वाकडं लावलेलं खाचर तो संध्याकाळी सरळ करून घेतो.

पेज नदीच्या काठाने पाहुण्यांच्या फार्महाउसांची रांग लागली त्यालाही कारण आहे. टाटांच्या भिवपुरी वीजघराचं पाणी 1922 पासून या नदीत येतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती असते. त्याच पाण्यावर राजनाल्याची उन्हाळी भातशेती होते. वीज मुंबईला, पाणी शेताला आणि उरलेलं पोहायला.

इथल्या माणसाची स्वतःची हौस मात्र पाहुण्यांच्या आधी, मृगाच्या पहिल्या दणक्याला सुरू होते. पाऊस लागला की ओढे शेतात शिरतात आणि पाण्याविरुद्ध मासे वर चढतात. ही वलगण. रात्री बॅटऱ्या, पाग, टोपल्या घेऊन आख्खी आळी बांधावर. घरी सामान आणायला ज्याचा पाय उचलत नाही, असा गडी पहाटेपर्यंत गुडघाभर पाण्यात उभा असतो. सोबत मुठे, म्हणजे खेकडे, मिळाले तर दिवाळीच. हे मासे अंडी घालायला चढतात, ते गाभोळीसकट मारले की ओढा रिकामा होतो, हे जाणती माणसं सांगतात. सांगून झाल्यावर तीही पाग उचलतात. याच दिवसांत बायका शेवळं शोधायला रानात जातात. शेवळांची खाज मारायला सोबत काकडंही आणावी लागतात. दोन्ही एकाच फेरीत मिळवणारी बाई रानाची खरी जाणकार. नेरळ-कर्जतच्या स्टेशनाबाहेर ती जुडी विकायला बसते तेव्हा तो धंदा असतो. रानात मैत्रिणींबरोबर हसत-खिदळत हिंडताना ती नुसती धंदा करत असते, असं मला वाटत नाही.

शर्यतीच्या बैलांची हौस खिशाला सगळ्यांत जड. 2014 साली बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली सात वर्षं काही घरांनी बैल नुसता दावणीला ठेवून पोसला. नांगराला जुंपला नाही आणि विकलाही नाही. बैलाच्या छळाचा मुद्दा खोटा नाही, अटी हव्यातच. पण त्या सात वर्षांचा खुराक कुठल्या नफ्यासाठी होता, हे टीका करणाऱ्यांनी एकदा विचारावं.

आणि मग टेनिस क्रिकेट. भात कापलं, खळी उरकली, की त्याच शेतात मैदान आखलं जातं. चार-पाच षटकांचा सामना, रात्री प्रकाशझोत, पहिलं बक्षीस मोटारसायकल नाहीतर रोख, कुठे कुठे बोकड. आगरी बोलीतलं समालोचन तर सामन्यापेक्षा भारी. फलंदाजाच्या घराण्याचा उद्धार षटकागणिक होतो आणि त्याच्या चुलत्याला तो आवडतोही. सामने यूट्यूबवर थेट दिसतात. नोकरीसाठी ठाणे-मुंबईला राहणारी पोरं शनिवारी रात्री त्यासाठी गावी निघतात. दादरहून सुटलेल्या कर्जत लोकलमध्ये त्यांचं क्रिकेटचं किट आणि ट्रेकरची दोरांनी फुगलेली पाठपिशवी एकाच रॅकवर येतात. रॅकवर जागा एकाचीच असते, आणि ती कुणाची यावर अंबरनाथपर्यंत बोलाचाली चालते. बदलापूरला कुणीतरी विचारतं, 'कुठल्या गडावर?' मग कळतं, की उद्या ट्रेकर ज्या वाडीतून वर जाणार आहे, तिथलाच हा सलामीचा फलंदाज आहे. सामना नऊला आहे. ट्रेकरला वाट हवी असेल, तर त्याआधी यायला लागेल.