कंपनी बंद पडली, इंजिन धावत राहिले : ‘अल्को’ची रायपूरपर्यंतची वाटचाल

रायपूर : भारतीय रेल्वेच्या वाफेच्या युगाचा शेवट घडवून आणणारे ‘अल्को’ बनावटीचे डिझेल इंजिन आता स्वतःच निरोपाच्या उंबरठ्यावर उभे आहे. मुंबई-नागपूर-हावडा मुख्य मार्गावरील रायपूरच्या डिझेल शेडने याच घराण्यातील डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूडीएम-३ए आणि डब्ल्यूडीजी-३ए या वर्गांची इंजिने अनेक वर्षे सांभाळली.

‘अल्को’ म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे तिचा कारखाना होता. या कंपनीची डब्ल्यूडीएम-१ वर्गाची १०० इंजिने १९५७-५८ पासून भारतात येऊ लागली. पोलाद कारखान्यांसाठी कोळसा व लोहखनिज वाहून नेण्याची गरज तेव्हा झपाट्याने वाढत होती. भिलाई पोलाद प्रकल्पाची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. मात्र डब्ल्यूडीएम-१ ला चालककक्ष एकाच टोकाला असल्याने परतीच्या प्रवासात अडचण येत असे.

त्यावर उपाय ठरले १९६२ मध्ये दाखल झालेले डब्ल्यूडीएम-२. या नावातील ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘डी’ म्हणजे डिझेल आणि ‘एम’ म्हणजे प्रवासी व मालगाडी अशा दोन्ही कामांसाठी योग्य. त्याचे १६ सिलिंडरचे यंत्र २,६०० अश्वशक्ती निर्माण करते. परंतु ही शक्ती थेट चाकांना मिळत नाही. डिझेल यंत्र जनित्र फिरवते आणि त्या विजेवर सहा आसांना जोडलेल्या सहा मोटारी चालतात. पाणी व कोळसा भरण्यासाठी वारंवार थांबावे लागत नसल्याने लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी ही व्यवस्था सोयीची ठरली.

अल्कोने तंत्रज्ञान हस्तांतरणाची तयारी दाखविल्यामुळे वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये जानेवारी १९६४ पासून ही इंजिने बनू लागली. मूळ अमेरिकी कंपनीने १९६९ मध्ये इंजिननिर्मिती थांबविली. वाराणसीत मात्र या वर्गाचे उत्पादन १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत सुरू राहिले. देशात अडीच हजारांहून अधिक डब्ल्यूडीएम-२ धावली. याच रचनेत सुधारणा करून ३,१०० अश्वशक्तीची पुढील इंजिने तयार झाली, तर १९७६ मध्ये टांझानियाला निर्यातही झाली.

विद्युतीकरणाने चित्र पालटले. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या रायपूर-विजयनगरम यांसारख्या मार्गांवर विजेच्या तारा पोहोचेपर्यंत डिझेलला पर्याय नव्हता. आता ती गरज संपली आहे. वाराणसीच्या कारखान्याने २०१८ मध्ये दोन जुन्या अल्को डिझेल इंजिनांचे रूपांतर १०,००० अश्वशक्तीच्या विद्युत जोडइंजिनात केले. २०२० मध्ये त्याच्या नावातील ‘डिझेल’ हा शब्दही गेला. आज तो बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स म्हणून ओळखला जातो.

तरीही डिझेलचे महत्त्व पूर्णतः संपलेले नाही. विजेच्या तारा तुटल्यास, वीजपुरवठा खंडित झाल्यास किंवा अपघातस्थळी मदतगाडी न्यायची असल्यास तारांवर अवलंबून नसलेले इंजिनच कामी येते. ते कमी संख्येने राहिले, तरी त्याची देखभाल जाणणारे हात टिकविणे भाग आहे. परदेशी कंपनी बंद पडल्यानंतरही हे इंजिन अनेक दशके धावले, ते अशा हातांच्याच बळावर.