कोऱ्या पानांची वही

लग्न जुळवावं तशी मैत्री जुळवायची रीत चीनमध्ये होती. हूनान प्रांताच्या दक्षिण टोकाला च्यांगयोंग नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथली ही गोष्ट. एका वयाच्या, एकमेकींना शोभणाऱ्या दोन मुली 'लाओतोंग' होत. शब्दाचा सरळ अर्थ 'जुनी सारखी'. कधी दोघीच नव्हे तर पाच-सात जणी मिळून शपथेच्या बहिणी होत. त्यासाठी पत्र पाठवून रीतसर मागणीही घातली जाई.

पाय बांधलेल्या या मुली माडीवर बसून शिवण-विणकाम करायच्या आणि सोबतीनं गायच्या. शाळा मुलग्यांसाठी, चिनी अक्षरंही त्यांच्यासाठीच. मग या बायकांनी स्वतःची लिपी वापरली. तिचं नाव 'नूशू', म्हणजे बायकांचं लेखन. चिनी लिपीत एकेक अक्षर अर्थ सांगतं. नूशूत चिन्ह उच्चार सांगतं, तोही तिथल्या बोलीचा. त्यामुळे चारशेच्या आसपास चिन्हांत काम भागे. अक्षरं तिरपी, बारीक, लांब पायांची. आई, मावशी, मैत्रीण यांच्याकडून ती शिकायची. पंख्यावर, रुमालावर, कागदावर लिहायची आणि गाऊन वाचायची. मजकूर बहुधा सात-सात अक्षरांच्या ओळींत. मी कविता लिहिते, म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं. साधं खुशालीचं पत्रसुद्धा या बायका छंदात लिहीत होत्या.

पण मैत्रीची खरी कसोटी लग्नात. मुलगी दुसऱ्या गावी दिली की शपथ तशीच राहायची, सहवास मात्र तुटायचा. पुष्कळ घरांत नवरी लग्नानंतर माहेरी परत येई आणि पहिल्या बाळंतपणाची वेळ येईपर्यंत तिथंच राही. म्हणजे ताटातूट हप्त्याहप्त्यानं होई!

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मैत्रिणी आणि माहेरच्या बायका नवरीला कापडी बांधणीची एक वही पाठवत. तिला 'तिसऱ्या दिवसाची वही' म्हणत. तीत अभिनंदन कमी, रडणं जास्त. आपली सखी कुणीतरी नेली, आता आम्ही कुणाजवळ बसू, अशा धर्तीचं. नवऱ्याकडच्या बायका ती वही बघायच्या, म्हणून त्यांनाही चार गोड शब्द असत. सुरुवातीची थोडीच पानं भरलेली, पुढची सारी कोरी. त्यांत नवरीनं आपलं लिहावं. ती त्यांत भरतकामाचे नमुने आणि रंगीत दोरेही जपून ठेवी.

नूशूला 'गुप्त लिपी' म्हणायची आता फॅशन झाली आहे. लिसा सी यांची २००५ची कादंबरी आणि तिच्यावरचा २०११चा चित्रपट यांनी लाओतोंगची जोडी जगभर पोचवली, तसं हे गुपितही. मला ते पटत नाही. पुरुषांपासून ती फारशी लपवलेली नव्हती. गाणी घरात सर्वांच्या कानांवर पडतच होती. बायकांचं लिहिणं वाचावं असं पुरुषांना वाटलंच नाही, एवढंच. गुपित म्हटलं की त्यात थोडी मजा येते, या दुर्लक्षात ती नाही.

वह्या फार उरल्या नाहीत. मालकिणीबरोबर त्या जाळायची किंवा पुरायची पद्धत होती, आणि उरलेल्यांपैकी कितीतरी सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६-७६) नष्ट झाल्या. १९८०च्या दशकात संशोधक तिथं पोचले तेव्हा लिहू शकणाऱ्या म्हाताऱ्या मोजक्याच होत्या. यांग हुआनयी या आजी २००४ साली वारल्या. जुन्या रीतीनं, वापरासाठी नूशू शिकलेल्या त्या शेवटच्या, असं मानलं जातं.

आज च्यांगयोंगच्या पूवेई गावात संग्रहालय आहे, मुलींना वर्ग भरवून नूशू शिकवतात, पर्यटक पंखे विकत घेतात. २०१७ साली तिची ३९६ चिन्हं संगणकाच्या युनिकोडमध्येही गेली. अक्षरं वाचली. मात्र ज्यांना ती पाठवायची, त्या शपथेच्या बहिणी आता कुणी होत नाहीत. मुली एकाच शाळेत जातात, आणि त्यांच्या हातात फोन आहे.