ओळींना क्रम कोण लावतं?

तालुकावार पावसाचा तक्ता मोबाइलवर उघडला की नावं आणि आकडे आपापल्या रकान्यात शिस्तीत बसलेले दिसतात. डेटाबेसमध्येही ते असेच मांडून ठेवले असणार, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तसं नसतं. आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती साठवण्याचं जे गणित मांडलं, त्यात नोंदींचा फक्त संच असतो. पहिली ओळ, शेवटची ओळ असा प्रकारच त्यात नाही.

क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला केलेल्या विचारणेत, 'ऑर्डर बाय' लिहिलं नाही, तर डेटाबेस स्वतःच्या सोयीने ओळी हातात देतो. गंमत अशी की कित्येक महिने त्या एकाच क्रमाने येत राहतात आणि प्रोग्रामर निर्धास्त होतो. मग कुणी नवा इंडेक्स बनवतं आणि क्रम बदलतो. तक्ता पानापानांनी दाखवला जात असेल, तर पहिल्या पानावरचा तालुका दुसऱ्यावर पुन्हा उगवतो आणि एखादा कुठेच दिसत नाही.

ओळी आल्या की सर्व्हरवरचा प्रोग्राम प्रत्येक ओळ 'टीआर' आणि प्रत्येक रकाना 'टीडी' या खुणांत गुंडाळतो. रेघा आखायचं काम ब्राउझरचं. हा भाग सोपा आहे. खरी काळजी घ्यावी लागते ती रिकाम्या रकान्याची. तीन केंद्रांपैकी एकावर ४० मिलिमीटर पाऊस, दुसऱ्यावर २०, तिसऱ्याची नोंदच आलेली नाही. एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा न आलेली नोंद वगळून सरासरी ३० काढतं. पण रकाना रिकामा बरा दिसत नाही म्हणून कुणी तिथे शून्य भरलं, तर सरासरी २० होते. 'पाऊस पडला नाही' आणि 'पाऊस मोजला नाही' यांतलं अंतर तक्त्यात दिसलंच पाहिजे. तिथे 'नोंद नाही' असं स्पष्ट लिहावं.

आता मराठी नावांचा क्रम. युनिकोडमध्ये 'ळ'चा क्रमांक 'ल'च्या लगेच पुढे आहे, 'व'च्या आधी. केवळ या क्रमांकांवरून लावलेली यादी मालवण, माळशिरस, मावळ, माहूर अशी येते. आपल्या वर्णमालेत मात्र 'ळ' 'ह'च्या नंतर. त्या हिशेबाने मालवण, मावळ, माहूर आणि मग माळशिरस. शाळेत पाठ केलेल्या क्रमाने नाव शोधणाऱ्याला माळशिरस शेवटी सापडलं पाहिजे, आणि ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही. भाषेनुसार क्रम लावण्याची सोय उपलब्ध आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या सॉफ्टवेअर लायब्ररीचे भाषावार नियम वापरता येतात. फक्त क्रम मराठीचा हवा, हे क्वेरीत किंवा तक्ता बनवतानाच सांगावं लागतं. न सांगितल्यास डेटाबेस उभा करताना जो नियम ठरला असेल तोच लागू होतो, आणि तो बहुधा मराठीचा नसतो.