घरच्या बायकांचे ‘अंग बाहेर येणे’ व उठण्याबसण्याची रीत

गाभण म्हशीचे मायांग बाहेर दिसू लागले म्हणजे शेतकरी काय करितो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. गोठ्यात तिच्या मागच्या पायांखाली माती भरून तो भाग तो चार-सहा बोटे उंच करितो, एकदम पोटभर वैरण न टाकता थोडथोडी चार वेळा घालितो, आणि जनावरांच्या डॉक्टरांस बोलावणे धाडितो. पोटातील भार मागे न पडता पुढे पडावा, एवढेच ह्या युक्तीचे मर्म होय. परंतु हेच दुखणे त्याच्या घरातील बाईस जडले, तर ते वर्षानुवर्षे त्याच्या कानीही पडत नाही. ती सासूस सांगत नाही, नवऱ्यास तर नाहीच. लुगड्याची घडी आवळून ती कामास लागते.

शेतकीच्या मासिकात हा विषय कशास, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, ह्या दुखण्याची बरीचशी कारणे शेतात, गोठ्यात व पाणवठ्यावरच आहेत. आणि कोणी किती ओझे उचलावे हे ठरविणारा बहुधा खातेदार पुरुषच असतो. ही लाज किती खोल आहे, हे आपल्याच प्रांतात दिसून आलेले आहे. डॉ. राणी बंग व त्यांचे सहकारी ह्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांस तपासून १९८९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात वृत्तान्त दिला. शंभरांतील ब्याण्णव स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी कधी तपासणी झालेल्या मात्र शंभरांत आठच.

कमरेच्या हाडांच्या कड्यात पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय व मलाशय हे तीन अवयव तिच्यावर व तिच्या बंधांवर विसावलेले असतात. लवकर व पुष्कळ बाळंतपणे, अडलेले बाळंतपण, उतारवयात विटाळ बंद झाल्यावर येणारा सैलपणा, चुलीच्या धुराने जडलेला खोकला, मलावरोध, आणि ओझी, ह्यांनी ती झोळी ढिली पडते. मग संध्याकाळी ओटीपोटात जडपणा वाटतो, खाली काही उतरल्यासारखे होते, लघवी साफ होत नाही. आडवे झाले म्हणजे बरे वाटते.

ह्यांत ओझ्याचा भाग आमच्या वाचकांच्या हातचा, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पोट म्हणजे पाण्याने भरलेली पखाल समजावी. वरून दाबली की जेथे कातडे विरले असेल तेथेच ती फुगणार. पंधरा लिटरांचा हंडा भरला म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन पंधरा किलो होते, भांड्याचे निराळे. बाई कमरेत वाकून, दम कोंडून तो जमिनीवरून उचलते, तेव्हा सारा दाब खालच्या झोळीवर येतो. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईची चाल ताठ व डौलदार असते. खरा हिसका बसतो तो हंडा वर चढविताना. म्हणून पाणवठ्यावर व उंबऱ्याशी कमरेइतका ओटा बांधावा, म्हणजे जमिनीवरून उचलणेच नको. गवताचा भारा दोघींनी मिळून चढवावा. हंड्याऐवजी घागर, आणि पाटीऐवजी हातगाडी वापरावी. ऊसतोडीत तर मोळी डोक्यावर घेऊन बाईस शिडीने गाडीवर चढावे लागते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा होऊन सरकारास चौकशी समिती नेमावी लागली, हे वाचकांस स्मरत असेल. त्या शस्त्रक्रियांची कारणे अनेक होती. पण खाडा पडू नये म्हणून पिशवीच काढून टाकण्याचा विचार बाईच्या मनात यावा, ही स्थिती आम्हांस लाजिरवाणी वाटते.

जे ओझे टळतच नाही, ते उचलण्याची रीत अशी : ओझ्याच्या अगदी जवळ जावे, पाय थोडे फाकवून गुडघ्यांत वाकावे, लघवी रोखून धरताना आवळतो तसे खालचे अंग आधी वर ओढून घ्यावे, आणि श्वास सोडीत उठावे. खोकला किंवा शिंक येतानाही हेच करावे.

आता उभे राहण्याविषयी. छाती खचवून व बैठक आत दुमडून उभे राहिले म्हणजे कमरेची नैसर्गिक खळगी नाहीशी होते, व पोटातील भार पुढच्या हाडावर न पडता थेट खालच्या द्वाराकडे येतो. ज्यांची ही खळगी गेलेली असते अशा स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो, असे काही वैद्यांच्या निरीक्षणास आलेले आहे. तरी छाती उचललेली, गुडघे सैल, दोन्ही पायांवर सारखा भार, असे उभे राहावे. पोट जोराने आत ओढू नये. निंदणी-खुरपणी तासन्‌तास उकिडवे बसून करण्यापेक्षा लांब दांड्याचे हात-कोळपे किंवा सायकल-कोळपे द्यावे. दुपारी भाकरीनंतर पाव तास कमरेखाली घडी केलेले घोंगडे घेऊन उताणे पडावे. म्हशीच्या मागच्या पायांखालची माती ती हीच.

मात्र उभे राहण्याच्या ढबीने हा विकार समूळ जातो, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. तिने भार हलका होतो, इतकेच. अधिक भरवशाचा उपाय म्हणजे त्या झोळीचा व्यायाम होय. आपल्याकडील हठयोगात मूलबंध व अश्विनी मुद्रा पूर्वीपासून आहेत, अमेरिकेत डॉ. अर्नोल्ड केगेल ह्यांनी १९४८ साली ह्या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत प्रसिद्ध केली. खालचे अंग आत व वर आवळावे, श्वास न कोंडता प्रथम तीन-चार व सवयीने दहा अंक मोजेपर्यंत धरावे, मग पूर्ण सैल सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ४४७ स्त्रियांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत, शिकविणारीच्या देखरेखीने हा व्यायाम केलेल्या स्त्रियांचा त्रास वर्षअखेर इतरांहून कमी झालेला आढळला. चार-सहा दिवसांत गुण येत नाही. तीन-चार महिने नेटाने करावा लागतो. अंग पुरते बाहेर आलेले असल्यास मात्र व्यायामाने ते परत जागी जात नाही.

तशा स्थितीत गर्भाशय काढणे हा एकच मार्ग आहे, हा समज चुकीचा आहे. आत बसवावयाचे सिलिकोनचे कडे मिळते. डॉक्टरांकडून मापाने बसवून घेऊन ते वेळोवेळी काढून धुवावे लागते. गर्भाशय राखून करावयाच्या शस्त्रक्रियाही आहेत. लघवी अडली, बाहेर आलेल्या भागास जखम झाली, रक्त अथवा दुर्गंधीचा स्राव जाऊ लागला, किंवा विटाळ बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

मलावरोधाकडे पुरुषांचे लक्ष क्वचितच जाते. शौचास कुंथणे म्हणजे रोज सकाळी ओझे उचलण्यासारखेच. भाकरीबरोबर पालेभाजी व पाणी भरपूर असावे, आणि परसाकडे जाण्यासाठी बाईस अंधार पडण्याची वाट पाहावी लागू नये. शौचकूप घराजवळ बांधावा. तो खुर्चीसारखा असल्यास पायांखाली पाट घ्यावा.

बाळंतिणीस सव्वा महिना जड काम न देण्याची चाल बहुतेक खातेदार घरांत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु आपल्याच शेतावरील मजूर बाई पंधराव्या दिवशी भारे वाहू लागते, इकडे आपले लक्ष नसते. ती कामावर आलीच तर तिला शेंगा तोडणे, धान्य निवडणे असे बसकाम द्यावे, आणि मजुरी इतर बायकांइतकीच द्यावी.