थेंबातली थरथर आणि तिच्याबद्दलचे काही पक्के गैरसमज

खिडकीतून आलेल्या कवडशात धुळीचे कण नाचताना दिसतात. 'हीच ब्राउनियन गती' असं शाळेत आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं असतं. झरोक्यातल्या उन्हात दिसणाऱ्या या कणाला जुन्या संस्कृत ग्रंथांत त्रसरेणू म्हटलं आहे आणि मापांची सुरुवात तिथून केली आहे. शब्द देखणा आहे, पण ब्राउनियन गतीचं उदाहरण म्हणून कवडसा चुकीचा आहे. त्या धुळीला नाचवतात ते हवेचे झोत: पंख्याचे, आपल्या श्वासाचे, उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेचे. रेणूंच्या धडकांमुळे होणारी थरथर त्या कणांनाही असते, पण झोतांपुढे ती इतकी किरकोळ असते की डोळ्यांना जाणवत नाही.

मूळ प्रयोगाची गोष्टही बऱ्याचदा चुकीची सांगितली जाते. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने क्लार्किया पुल्चेला या झाडाचे परागकण पाण्यात टाकून पाहिले आणि ते नाचले, असं म्हणतात. परागकण नाचायला फार मोठे असतात. हलत होते ते त्यांच्या आतून बाहेर पडलेले, काही मायक्रोमीटर आकाराचे बारीक कण. आधी वाटलं, हे जिवंतपणाचं लक्षण असावं. मग ब्राउनने काच, खनिजं, दगडांची पूड, अगदी इजिप्तच्या स्फिंक्सचा तुकडासुद्धा कुटून पाण्यात टाकला. सगळंच हललं, आणि जिवंतपणाची शंका तिथेच संपली. हलणारी वस्तू पाहिल्यावर 'ही कशामुळे हलते आहे?' हा प्रश्न त्याने सोडला नाही, म्हणून त्याचं मोठेपण. ही गती पाण्याच्या रेणूंच्या धडकांमुळे होते, याचं गणित १९०५ मध्ये आइनस्टाइनने मांडलं. झां पेरँने प्रयोगांनी ते पडताळलं आणि १९२६ चं नोबेल मिळवलं.

आज हाच प्रश्न ब्राउनच्या कणांपेक्षा कितीतरी पटींनी लहान कणांना विचारला जातो आहे. अमेरिकेत अटलांटा इथल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातला व्हिदा जमाली यांचा संशोधन गट द्रवात तरंगणाऱ्या नॅनोकणांचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्रीकरण करतो आणि त्या चालीचा अर्थ लावायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतो. या कामाबद्दल बोलताना पुष्कळ गोष्टी गृहीत धरल्या जातात, आणि त्यांतल्या काही तपासल्या की मूळ विज्ञानच जास्त मनोरंजक निघतं.

'इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात फक्त कोरड्या, निर्जीव वस्तू दिसतात'

हे अनेक दशकं जवळजवळ खरं होतं. साध्या प्रकाशाने साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. प्रकाशाची तरंगलांबीच आड येते. ३०० किलोव्होल्टने वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे २ पिकोमीटर, म्हणजे अणूच्याही शंभरेक पटींनी लहान. १९३१ मध्ये माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी बर्लिनमध्ये इलेक्ट्रॉनांचा सूक्ष्मदर्शक बांधला. पण इलेक्ट्रॉनांना वाट मोकळी हवी, त्यासाठी आत निर्वात पोकळी लागते, आणि निर्वातात पाण्याचा थेंब क्षणात उकळून उडून जातो. त्यामुळे नमुना वाळवायचा किंवा गोठवायचा, हीच रीत पडली.

तोडगा ऐकायला साधा वाटतो. सिलिकॉनच्या दोन चकत्या घ्यायच्या, प्रत्येकीत एक बारीकशी खिडकी ठेवायची, खिडकीवर सिलिकॉन नायट्राइडचा काही डझन नॅनोमीटर जाडीचा पडदा, आणि दोन पडद्यांमध्ये द्रवाचा पातळ थर सीलबंद करायचा. पडदा इतका पातळ की इलेक्ट्रॉन आरपार जातात, आणि इतका मजबूत की बाहेरच्या निर्वातात द्रव निसटत नाही. २००३ मध्ये फ्रान्सिस रॉस आणि सहकाऱ्यांनी अशाच कुपीत तांब्याचे कण धातूपृष्ठावर साचताना टिपले. २००९ मध्ये बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी द्रावणात प्लॅटिनमचे नॅनोस्फटिक वाढताना दाखवले. तेव्हापासून द्रवातल्या घडामोडी घडत असतानाच पाहता येतात.

इथेच एक लहान खुलासा. नॅनोकण म्हणजे अणू नव्हे. समजा, सोन्याची एक कांडी २० नॅनोमीटर जाड आणि ६० नॅनोमीटर लांब आहे, तर तिच्यात दहा लाखांच्या आसपास अणू असतात.

'चित्रफितीत दिसते ती कणाची स्वतःची चाल'

माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा गैरसमज हाच आहे, आणि तो दूर करायला थोडं गणित पुरतं.

६० नॅनोमीटर व्यासाचा गोल कण मोकळ्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला, एका सेकंदात सरासरी ५ ते ६ मायक्रोमीटर दूर जातो. इतक्या लहान कणाला नीट पाहण्याइतकं मोठं करायचं, तर सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टिक्षेत्राची रुंदी एखाद्या मायक्रोमीटरच्या घरात येते. म्हणजे मोकळा कण डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच चौकटीबाहेर गेला पाहिजे. प्रत्यक्षात चित्रफितींत तो बराच वेळ चौकटीतच दिसत राहतो. कुठेतरी त्याला कुणीतरी धरून ठेवलं आहे.

धरून ठेवतो तो खिडकीचा पडदा. जो कण टिपता येतो, तो बहुतेक वेळा पडद्याला लगटून चालत असतो. शिवाय ज्या किरणाने आपण पाहतो, तो किरणही स्वस्थ बसत नाही. इलेक्ट्रॉन पाण्यातून जाताना पाण्याचे रेणू फोडतात. हायड्रोजन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिशय क्रियाशील अशी मुक्त मूलके तयार होतात. इलेक्ट्रॉनांचा हा मारा वाढवला तर चित्र अधिक स्वच्छ येतं, पण ज्याचं चित्र काढायचं ते पाणीच बदललेलं असतं. 'जास्त उजेड म्हणजे चांगलं निरीक्षण' हा छायाचित्रणातला अनुभव इथे फसवतो.

जमाली बर्कलीत पॉल अलिविसाटोस यांच्याबरोबर काम करत असताना २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास नेमका याच गाठीवर होता. पाण्यातले सोन्याचे नॅनोकण त्यांनी इलेक्ट्रॉनांच्या कमी-जास्त माऱ्याखाली टिपले. दोन्ही टोकांची चाल वेडीवाकडीच दिसते. नुसत्या नजरेला दोन्ही 'ब्राउनियन' वाटाव्यात. पण आतला हिशेब वेगळा निघाला.

मारा कमी असताना कण जणू चिखलातून चालत होता. एक पाऊल पुढे टाकलं की पुढचं पाऊल मागे ओढलं जाण्याकडे कल, कारण भोवतालाला थोडी लवचीकता आणि थोडी आठवण आहे. मारा जास्त असताना चाल एसटीसारखी झाली: एका थांब्यावर क्षणभर, दुसऱ्यावर ताटकळत, आणि मग अचानक पुढे. पडद्यावर जागोजागी कणाला अडकवणारे खळगे असावेत, तशी. या दोन्ही चालींचं कारण शास्त्रज्ञांनी पडद्याच्या पृष्ठभागावरचे सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) आणि माऱ्यामुळे पाण्यात तयार होणारे आयन यांच्यात शोधलं. ब्राउनने दगडाची पूड टाकून जे केलं, तेच हे. कण हलतो आहे, मान्य. पण त्याला हलवतंय कोण, आणि अडवतंय कोण?

पेरँच्या त्या प्रसिद्ध आकृत्यांबद्दलही हेच सांगायला हवं. त्याने दर ३० सेकंदांनी कणाची जागा नोंदवली आणि बिंदू सरळ रेषांनी जोडले. कण त्या रेषांवरून कधीच गेला नव्हता. दोन नोंदींच्या मध्ये त्याने असंख्य वळणं घेतली होती. आजचा कॅमेरा सेकंदाला कितीही फ्रेम घेऊ दे, दोन फ्रेममधलं अंतर शिल्लक राहतंच. दिसणारा मार्ग किती बारकाईने पाहिला, यावरही तो कसा दिसेल ते अवलंबून असतं.

'एआयला सगळं दाखवलं की ते आपणच शोध लावतं'

२०२१ च्या अभ्यासात या चाली ओळखायला न्यूरल नेटवर्क वापरलं होतं. ते आधी शिकवावं लागलं, आणि तेही खऱ्या चित्रफितींवर नव्हे. साधी ब्राउनियन, आठवण असलेली, थांबत-थांबत जाणारी अशा चालींचे मार्ग संगणकावर गणिताने तयार करून त्याला दाखवले गेले. मग प्रत्यक्ष कणाचा मार्ग समोर ठेवून विचारलं: हा यांपैकी कुणासारखा? जे प्रकार शिकवले त्यांच्याबाहेरचा प्रकार त्याला ओळखता आला नसता. आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर शास्त्रज्ञ तिथेच थांबले नाहीत. संख्याशास्त्रातल्या जुन्या, रुळलेल्या चाचण्या लावून त्यांनी ते ताडून पाहिलं. हा भाग बातम्यांत क्वचित येतो आणि मला तोच सर्वाधिक विश्वासार्ह वाटतो.

एआय कणाचं पुढचं पाऊलही नेमकं सांगू शकत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण पुढची धडक कुठून बसेल हे आधी कळायला मार्गच नाही. सांगता येतो तो चालीचा स्वभाव: पावलं किती लांबीची, किती वेळाने, मागच्या पावलाशी त्यांचं नातं काय.

'एआयने बनवलेला मार्ग म्हणजे बनावट माहिती'

जॉर्जिया टेकमधल्या गटाचं लिओनार्डो नावाचं मॉडेल २०२५ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे रीत उलटी आहे. आधी गणिती प्रकार ठरवून मार्ग बनवण्याऐवजी पाण्यात हलणाऱ्या सोन्याच्या नॅनोकांड्यांचे ३८ हजारांहून अधिक छोटे, प्रयोगातून मिळालेले मार्ग त्याला दिले. कांड्यांचे आकार, फ्रेमचा वेग, इलेक्ट्रॉनांचा मारा, सगळं वेगवेगळं. त्यांतून शिकून ते नवे मार्ग रचतं. ते नीट जमले की नाही हे तपासताना नुसती रेषा जुळते का एवढंच पाहिलं जात नाही. चालीचे भौतिक गुणधर्म जुळतात का, याचाही हिशेब शिकवण्याच्या प्रक्रियेतच घातला आहे.

असे रचलेले मार्ग प्रयोगाच्या जागी पुरावा म्हणून मांडले, तर ती फसवणूकच होईल. त्यांचा उपयोग वेगळा आहे. सूक्ष्मदर्शकाने चित्रीकरण चालू असतानाच काय घडतंय ते ओळखावं आणि स्वतःला त्याप्रमाणे जुळवून घ्यावं, यासाठी त्याच्या आज्ञावलीला सरावाकरिता पुष्कळ उदाहरणं लागतात. प्रत्येक उदाहरणासाठी नवा नमुना इलेक्ट्रॉनांखाली भाजून काढणं परवडत नाही. तिथे लिओनार्डोचे मार्ग कामी येतात.

त्याची मर्यादाही त्याच्या शिकण्यातच आहे. ते सोन्याच्या कांड्या पाहून शिकलं, पाण्यात, कुपीतल्या पडद्यालगत. चंचुपात्रातल्या मोकळ्या पाण्यात तीच कांडी कशी चालेल किंवा पेशीच्या दाट रसात एखादं प्रथिन कसं सरकेल, हे त्याला विचारून उपयोग नाही. त्यासाठी त्या प्रथिनाची चित्रफीत काढावी लागेल, आणि प्रथिनं सोन्यासारखी कणखर नसतात. कांडी ज्या माऱ्याखाली निवांत चालत राहते, त्या माऱ्याने प्रथिनाची घडी मोडते.