जुनी मोटार, नवे कर्ज

लालबागेच्या आसपासच्या वसाहतींत मोटार ही आता चैन राहिलेली नाही. होळकरांचा राजवाडा १९२१ साली बांधून पुरा झाला, तेव्हा मोटार हा दरबारी थाट होता; आज निवृत्तिवेतनावर चालणारे घरही जुनी का होईना, चारचाकी घेते, आणि तीही बहुधा हप्त्यांवर. गाडी चांगली निघाली तर प्रश्नच नाही. सदोष निघाली, तर घरात जो गोंधळ उडतो, तो आम्ही जवळून पाहिला आहे.

आमच्या एका स्नेह्यांनी 'अपघात न झालेली' अशी ग्वाही घेऊन एका व्यापाऱ्याकडून गाडी खरेदी केली. कर्जाची सोयही त्यानेच करून दिली. तिसऱ्या महिन्यात मेकॅनिकने गाडी वर उचलून खालचा सांगाडा दाखविला, तो वेल्डिंग करून जोडलेला होता. स्नेह्यांच्या मनात पहिला विचार आला तो हप्ते थांबविण्याचा. संताप रास्त खरा. पण हे पाऊल घातक असते.

याचे कारण असे की, येथे करार दोन असतात. एक विक्रेत्याशी, गाडीविषयी. दुसरा कर्ज देणाऱ्या संस्थेशी, पैशाविषयी. गाडी बिघडली म्हणून दुसरा करार आपोआप सैल होत नाही. हप्ता चुकला की कर्जदार थकबाकीदार ठरतो, पत जाते आणि गाडीही जाऊ शकते. वसुलीसाठी गुंड पाठविण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली कडक ताशेरे ओढले आहेत. तथापि कायदेशीर मार्गाने होणारी जप्ती त्यामुळे टळत नाही. म्हणून हप्ते भरीत राहावे, भांडण विक्रेत्याशी करावे, आणि भरलेले व्याज नुकसानभरपाईत मागावे.

इंग्लंडात चित्र निराळे आहे. तेथे भाडेखरेदीत कर्ज देणारी कंपनीच गाडीची पुरवठादार मानली जाते व दोषाचा जाब तिलाच द्यावा लागतो. आपल्या संसदेनेही १९७२ साली भाडेखरेदीचा कायदा संमत केला होता. तो कधी अमलात आलाच नाही, आणि २००५ साली रद्द झाला! व्यापारी व कर्जसंस्था यांचे संगनमत दिसत असेल, तर मात्र तक्रारीत दोघांनाही प्रतिपक्ष करावे.

विक्रेत्याविरुद्ध ग्राहकाचे बळ बरेच आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हप्त्याने किंमत देणाराही ग्राहकच होय, आणि जुन्या वस्तूचा व्यापार करणारा त्यातून सुटत नाही. 'जशी आहे तशी' या छापील वाक्याखाली सही झाली असली, तरी जाणूनबुजून लपविलेला दोष त्याने धुऊन निघत नाही. शेजाऱ्याने किंवा ओळखीच्या गृहस्थाने आपली खाजगी गाडी विकली असेल, तर ग्राहक कायदा सहसा लागू पडत नाही; तेथे १८७२ च्या करार कायद्यातील फसवणुकीचा आधार घेऊन दिवाणी न्यायालयात जावे लागते. व्यापाऱ्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र आहे का, हेही विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत वाहनांच्या व्यापाऱ्यांना ते आवश्यक झाले आहे.

पुरावा तोंडी चालत नाही. जाहिरात, मोबाईलवरील निरोप, पावती, स्वतंत्र गॅरेजचा लेखी अहवाल आणि छायाचित्रे हे सारे जपावे. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत सर्व्हिसिंगच्या वेळी किलोमीटरची नोंद होते. काटा मागे फिरविला असेल तर तेथे उघडकीस येतो. एवढे हाती आल्यावर विक्रेत्यास लेखी नोटीस द्यावी. हा अहवाल हाती येईपर्यंत गाडी दुरुस्त करून घेऊ नये. दोषच नाहीसा झाला, तर दाखविणार काय?

दाद मागावयाची ती जिल्हा आयोगाकडे. महाराष्ट्रातले आप्त त्यास 'ग्राहक आयोग' म्हणतात. आमच्या मध्य प्रदेशात पाटीवर 'उपभोक्ता' असे असते, म्हणून नवख्याने गोंधळू नये. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. शिवाय २०१९ च्या कायद्याने तक्रारदारास आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार नोंदविता येते. पुण्याहून आणलेली गाडी सदोष निघाली, तर त्यासाठी पुण्याला खेटे घालावयाचे कारण नाही. इंदुरातच दाद मागता येते.