रद्द, मन्सूख आणि निरसन

बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांत जमिनीची जुनी कागदपत्रे ज्यांनी चाळली असतील, त्यांना एका घराच्या दप्तरात तीन भाषा नांदताना दिसल्या असतील. निजामी अमदानीतला कागद उर्दूत, त्यानंतरचा कन्नडमध्ये आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी समासात केलेले टिपण मराठीत. एखादा कायदा किंवा हुकूम आता चालत नाही, हे सांगावयाचे झाले की उर्दू कागद ‘मन्सूख’ म्हणतो, कन्नड कागद ‘निरसन’ म्हणतो आणि मराठी टिपण ‘रद्द झाले’ एवढ्यावर भागवते. बोलण्यापुरते ते ठीक आहे. परंतु ज्याचा कूळहक्क त्या कागदात गुंतलेला आहे, त्याचे एवढ्यावर भागत नाही. कायदा कोणी मोडला आणि केव्हापासून मोडला, यावर त्याचा हक्क उरला की गेला हे ठरत असते.

‘रद्द’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ परत फिरवणे, माघारी धाडणे. ‘बातल’ म्हणजे खोटे, निरर्थक. आपण ‘रद्दबातल’ असा जोडशब्द सहज उच्चारतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत: एक म्हणजे परत फिरवणे आणि दुसरी म्हणजे मुळातच निरर्थक ठरवणे. ‘खारीज’ म्हणजे बाहेर. अर्ज खारीज होतो तेव्हा तो दाराबाहेर जातो, कायद्याला काही होत नाही. ‘मन्सूख’ मात्र खास कायद्याचा शब्द. ज्या धातूपासून तो आला, त्याच धातूपासून प्रत किंवा नक्कल या अर्थाचा ‘नुस्खा’ही आला आहे. जुने पुसणे आणि नवे उतरवून घेणे हे दोन्ही अर्थ एकाच धातूच्या पोटी असावेत, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. कारण कायद्याच्या जगात बहुधा असेच घडते. जुना कायदा जातो तो नवा येतो म्हणून.

स्वराज्यानंतर राज्यकारभारासाठी संस्कृतप्रचुर परिभाषा घडली आणि ‘निरसन’ हा शब्द कायद्यात आला. फेकून देणे, बाहेर टाकणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठी वाचकाला तो ‘शंकानिरसन’ या शब्दातून ओळखीचा असल्यामुळे ‘अधिनियमाचे निरसन’ असे वाचताना कायद्याच्या काही शंका होत्या व त्या फिटल्या, असे क्षणभर वाटते. तरीही हा शब्द नेमका आहे. विधिमंडळाने केलेला कायदा विधिमंडळानेच मागे घेणे, एवढाच त्याचा अर्थ. सरकारी परिपत्रक, मंत्र्याची घोषणा किंवा न्यायालयाचा निकाल यांना तो लागू पडत नाही.

आता या भागातलेच उदाहरण घेऊ. हैदराबाद राज्यात १९५० साली कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला आणि त्याने संरक्षित कुळांना जमिनीवर पाय रोवावयास आधार दिला. त्या वेळी भालकी, औराद, हुमनाबाद हे तालुके जसे बीदर जिल्ह्यात होते, तसेच उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हेही होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. पहिले तालुके म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा व अहमदपूर मुंबई राज्यात आले. सीमा बदलली, म्हणून कायदा बदलला काय? नाही. पुनर्रचनेच्या कायद्यातच अशी तरतूद होती की, ज्या मुलखाला जो कायदा लागू होता तो सक्षम विधिमंडळ बदलीपर्यंत तसाच लागू राहील. त्यामुळे राज्ये दोन झाली तरी काही वर्षे भालकीचे कूळ आणि उदगीरचे कूळ हैदराबादच्या एकाच कायद्याखाली नांदत होते.

मग वाटा फुटल्या. म्हैसूरचा १९६१ चा जमीन सुधारणा अधिनियम २ ऑक्टोबर १९६५ पासून अंमलात आला आणि त्याने त्या बाजूच्या हैदराबादी कूळकायद्याचे निरसन केले. मराठवाड्यात मात्र तोच १९५० चा कायदा सुधारणांसह चालू राहिला. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे सोयरसंबंध असणाऱ्या घरांत एकाच कायद्याविषयी एक पाहुणा ‘तो केव्हाच गेला’ म्हणतो आणि दुसरा ‘आमच्याकडे चालू आहे’ म्हणतो. दोघेही बरोबर असतात.

खरा धोका पुढे आहे. कायदा गेला म्हणजे त्याखाली मिळालेला कागद रद्दीत घालावा, असा समज पुष्कळांचा असतो. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने केंद्रीय कायद्यांपुरते याचे उत्तर दिले आहे आणि राज्यांच्या कायद्यांसाठीही तशाच तरतुदी आहेत. नव्या कायद्यात वेगळा हेतू दिसत नसेल, तर निरसनापूर्वी मिळालेला हक्क, जडलेले दायित्व, केलेला गुन्हा व चालू असलेले प्रकरण यांना धक्का लागत नाही. भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ पासून गेली. पण त्याच्या आदल्या दिवशी हुमनाबादेत गुन्हा घडला असेल, तर तो तिच्याच कलमांखाली चालेल. याहून मोठे उदाहरण आपल्या संविधानाचे आहे. त्याच्या ३९५ व्या अनुच्छेदाने १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य अधिनियमाचेच निरसन केले. म्हणून काही आपले स्वातंत्र्य गेले नाही!

या राखून ठेवण्याला कायद्याच्या मराठीत ‘व्यावृत्ति’ म्हणतात. हा शब्द ऐकून किती शेतकऱ्यांना आपला हक्क शाबूत असल्याचा धीर येईल, याची मला शंका आहे. कन्नड अधिनियमांत त्या जागी ‘उळिसुविके’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ उरवणे, वाचवून ठेवणे. औरादच्या दुभाषी शेतकऱ्याला संस्कृत शब्दापेक्षा हा शेजारचा शब्द लवकर उमगेल. आपणही ‘राखण’ किंवा ‘बचाव’ यांसारखा एखादा घरचा शब्द घेतला असता, तर काही बिघडले नसते.

न्यायालयाची गोष्ट निराळी. न्यायालय कायद्याचे निरसन करीत नाही. तो संविधानाशी विसंगत असेल तर तो ‘शून्य’ असल्याचे जाहीर करते. निरसनात कायदा होता आणि संपला. शून्यतेत तो आरंभापासूनच नसल्यासारखा. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जात असल्याबद्दल २०२१ साली न्यायालयालाच आश्चर्य व्यक्त करावे लागले. ‘स्थगिती’ ही याहूनही वेगळी. तीन कृषी कायद्यांना न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी स्थगिती दिली, तेव्हा कायदे जिवंतच होते, अंमल तेवढा थांबला होता. १९ नोव्हेंबरला ते मागे घेण्याची घोषणा झाली. तरीही ते जिवंतच होते. २९ नोव्हेंबरला संसदेने विधेयक मंजूर केले, दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मगच निरसन झाले. या साऱ्या टप्प्यांना बोलीत मात्र ‘रद्द’ हा एकच शब्द पुरला.

एक प्रश्न उरतो. निरसन करणाऱ्या कायद्याचेच निरसन झाले, तर पहिला कायदा पुन्हा उठून बसतो काय? तसे स्पष्ट शब्दांत म्हटले नसेल तर नाही. हैदराबादचा १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा कर्नाटकात १९६४ च्या अधिनियमाने आणि मराठवाड्यात १९६६ च्या महसूल संहितेने संपवला. उद्या हे दोन्ही नवे कायदे गेले, तरी निजामाचा तो कायदा बीदरातही परतावयाचा नाही आणि उदगिरातही नाही.